शहात्तर सह्या

सत्यवती चोपडेकरने ‘बांगडो ताजो आसा’ म्हटलं की मालवणच्या बाजारात गिऱ्हाईक कल्ला उघडून बघायच्या भानगडीत पडत नसे. वीस वर्षं ती देवबागहून पाटी घेऊन बाजारात बसत होती आणि कालचा मासा कालचा म्हणून सांगूनच विकत होती. जीभ तिखट, आवाज मोठा, पण शब्दाला पक्की. गावात महिला मंडळ निघालं तेव्हा अध्यक्ष कोण यावर चर्चाच झाली नाही. सातवी पास होती, सही करता येत होती आणि तिने सांगितलं की बायका ऐकत होत्या. एवढं पुरे होतं.

म्हणूनच दोन हजार चारच्या जानेवारीत घाटावरच्या विद्यापीठाची पांढरी जीप देवबागात आली, तेव्हा सरपंचांनी ती सरळ सत्यवतीच्या घरालगतच्या मांगरापुढे नेऊन उभी केली. जीपमधून डॉक्टर हेमलता गुजर उतरल्या, त्यांच्या मागून प्रितेश नावाचा त्यांचा संशोधन सहायक आणि दोन विद्यार्थिनी. गुजर मॅडम पन्नाशीच्या, बोलायला गोड. त्यांनी चटईवर मांडी घातली, चहा घेतला आणि काम सांगितलं. किनाऱ्यावरच्या, रोज मासे खाणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त किती असतं ते त्यांना तपासायचं होतं. हातातून थोडंसं रक्त काढायचं, बस. पंधरा दिवसांत प्रत्येकीचा रिपोर्ट घरपोच.

बायका तयार नव्हत्या. कुणी म्हणाली, रक्त काढलं की पाटी उचलवत नाही. कुणी म्हणाली, हे लोक रक्त विकतात. सत्यवती घरोघर फिरली. “फुकट तपासणी मिळता,” ती सांगायची. “मालवणात डॉक्टराकडे गेलास तर अर्धो दिस मोडता. हे दारात इलेत. रिपोर्ट येतलो, मी सांगतंय मां?”

तिने सांगितलं म्हणून तिच्यासकट शहात्तर बायका शाळेच्या पडवीत येऊन बसल्या. दोन दिवस काम चाललं. रक्त दिलं की प्रत्येकीला झाकणाचा एक स्टीलचा डबा मिळत होता, आणि रक्त देण्याआधी दोन पानांच्या इंग्रजी कागदावर सही किंवा अंगठा. त्या अंगठ्याखाली आणखी एक रेघ होती. प्रितेशने पहिला कागद सत्यवतीपुढे सरकवला.

“काकी, इथे साक्षीदार म्हणून तुमची सही.”

“काय लिहिलंय यात?”

“हेच, की रक्त घ्यायला यांची हरकत नाही.”

सत्यवतीने सही केली. मग दुसरीवर, मग तिसरीवर. बाहेर बायका ताटकळत होत्या, कुणाला बाजार गाठायचा होता, कुणाचं पोर रडत होतं. सगळ्यांनाच घाई. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने शेवटची सही केली तेव्हा बोटं आखडली होती. तिला बरं वाटत होतं. गावाचं एक काम पार पडलं होतं.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. होळी आली आणि गेली. रिपोर्टचा पत्ता नाही. मॅडमनी दिलेल्या कार्डावरच्या नंबरावर सत्यवतीने एसटीडी बूथवरून तीनदा फोन लावला. मॅडम बाहेर आहेत, मॅडम दिल्लीला गेल्यात, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. बाजारात शेजारी बसणाऱ्या बायका हसून विचारू लागल्या, “अध्यक्षीणबाय, आमच्या रक्ताचा काय झाला? डब्यात भरून ठेवल्यानी की काय?” सत्यवती वरवर हसायची, पण ते तिच्या जिव्हारी लागायचं.

तिची धाकटी जाऊ आनंदी मात्र हसत नव्हती. चौतिशीची बाई, तीन मुलांची आई, रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या लांबलचक जाळ्याच्या ओढीला पुरुषांच्या बरोबरीने दोरी धरणारी. पण गेलं वर्षभर ती चार पावलं चालली की थांबायची. जिना चढली की छातीवर हात ठेवायची.

“वयनी, माका धाप लागता गो,” ती मे महिन्यात म्हणाली. “डॉक्टराक दाखवूया काय?”

आणि सत्यवतीने तिला जे उत्तर दिलं, ते पुढे कित्येक वर्षं तिच्याच कानात वाजत राहिलं. ती म्हणाली, “अगो, जानेवारीत रक्त दिलंस मां? कायतरी वायट असता तर त्येंनी पयला तुकाच कळवल्यानी असता. कळवूक नाय, म्हणजे चांगलाच आसा.”

आनंदीला ते पटलं. वहिनी सांगते म्हणजे खरंच असणार.

सप्टेंबरात गणपती झाले, समुद्र निवळला आणि पहिली मोठी रापण लागली. सकाळी आठच्या सुमाराला दोरी ओढता ओढता आनंदी वाळूत कोसळली. ओठ पांढरे, नखं पांढरी. सत्यवतीच्या नवऱ्याने, गुरुदासने, तिला उचलून टेम्पोत घातलं. मालवणच्या दवाखान्यात रक्त तपासलं आणि तिथून थेट ओरसला जिल्हा रुग्णालयात धाडलं. अंगात रक्त किती? पाच पूर्णांक चार. बाईच्या अंगात बारा तरी हवं, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. हृदयावर ताण आला होता. दोन बाटल्या रक्त चढवलं, आठ दिवस ठेवून घेतलं.

“हे एका दिवसात झालेलं नाही,” तो तरुण डॉक्टर म्हणाला. “यापूर्वी कधी रक्त तपासलं होतं?”

“जानेवारीत,” सत्यवती म्हणाली.

“मग रिपोर्ट कुठे आहे?”

 सत्यवती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि जावेच्या पायांकडे बघत राहिली. पाय मेणासारखे दिसत होते.

आनंदी वाचली. पण रापण सुटली, पाटी सुटली. आणि ती घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सत्यवतीने गुरुदासला सांगितलं, “मी विद्यापीठात जातंय.”

“कित्याक?”

“रिपोर्ट आणूक.”

“आता रिपोर्ट घेवन काय करतलंस?”

“जानेवारीत तेच्यात काय होता, ता माका बगूचा आसा.”

बारावीत शिकणाऱ्या मुलीला, अक्षदाला, तिने बरोबर घेतलं. एसटीने घाट चढायला सहा तास लागले आणि सत्यवतीला वाटेत दोनदा ओकारी झाली. विद्यापीठ म्हणजे एक इमारत असेल असं तिला वाटलं होतं; ते एक गावच निघालं. विचारत विचारत दोघी गुजर मॅडमच्या विभागात पोचल्या. मॅडम व्हरांड्यातच भेटल्या. त्यांनी ओळखलं, हसल्यासुद्धा.

“अहो, तुम्ही एवढ्या लांब कशाला आलात?”

सत्यवतीने सगळं सांगितलं. मॅडमचं हसू मावळलं. त्या म्हणाल्या, “हे बघा, ते संशोधन होतं. उपचार नव्हते. आकडे सगळ्यांचे मिळून बघायचे असतात, एकेकीचे नाही. आणि प्रितेश तर नोकरी लागून गेला. मी बघते, कळवते तुम्हाला.”

“कळवते म्हणून तुम्ही जानेवारीतही सांगितलं होतं,” सत्यवती म्हणाली. “मी इथेच बसते. तुम्ही बघा.”

मॅडम तासाला गेल्या. सत्यवती खरोखरच बाकावर बसली. दीड तासाने एका शिपायाला दया आली. तो म्हणाला, “मावशी, तक्रार असेल तर खालच्या मजल्यावर जा. माणसांवर संशोधन करायचं तर आधी तिथली कमिटी परवानगी देते. एथिक्स कमिटी म्हणतात.”

तो शब्द अक्षदाने वहीत लिहून घेतला.

कमिटीचं ऑफिस म्हणजे दोन कपाटं, एक टेबल आणि टेबलामागे इंगवले मॅडम. त्या अधीक्षक होत्या. निवृत्तीला चार वर्षं उरलेली, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मोजकं. त्यांनी सत्यवतीचं सगळं बोलणं न अडवता ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही सही केलेल्या कागदाची प्रत तुम्हाला दिली होती का?”

“नाही. कुणालाच नाही.”

“ती द्यायची असते.” इंगवले उठल्या, गुजर मॅडमच्या विभागात गेल्या आणि अर्ध्या तासाने सत्यवतीच्या स्वतःच्या कागदाची झेरॉक्स घेऊन आल्या. “हा तुमचा हक्काचा कागद. वाचून घ्या. त्यानंतर तक्रार करायची की नाही ते ठरवा. करायची असेल तर लेखी करा, तारीख घाला आणि पोच मागा. तोंडी सांगितलेलं इथे वाऱ्यावर जातं.”

परतीच्या एसटीत अक्षदाने शब्दकोश मांडीवर घेतला आणि कागद वाचायला सुरुवात केली. एक वाक्य वाचायचं, अडलेला शब्द शोधायचा, आईला सांगायचं. गाडी वळणं घेत होती, शब्दकोश घसरत होता.

“आये, हय लिवलाहा, प्रत्येकीक एका महिन्यात रिपोर्ट देतले.”

“फुडे वाच.”

“रक्त खूप कमी आसला तर आठ दिवसांत तिका कळवतले आणि सरकारी दवाखान्यात पाठवतले.”

सत्यवतीने डोळे मिटले. आनंदीला आठ दिवसांत कळायला हवं होतं. आठ महिने गेले होते.

“आनी उरलेला रक्त ते सांबाळून ठेवतले, दुसऱ्या संशोधनाक वापरूक.”

“ह्या आमका कोणी सांगूक नाय.”

अक्षदा पान उलटून थांबली. 

“काय झाला गो?”

“शेवटाक साक्षीदाराचा आसा.” मुलीचा आवाज बारीक झाला. “लिवलाहा, वर लिवलेला सगळा ह्या बाईक तिच्या भाषेत माज्यासमोर वाचून दाखवला, तिका ता समाजला, हेची मी साक्ष देतंय. आनी खाली परत तुजीच सही.”

गाडी घाट उतरत होती. सत्यवतीने कागद हातात घेतला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आपली सही ओळखू आली. ‘स’ला जरा लांब शेपूट, तशीच. अशा शहात्तर होत्या. आनंदीच्या अंगठ्याखालीही एक होती.

तोवर तिचा राग बाहेरच्यांवर होता. आता तो कुठे ठेवायचा हे तिला कळेना. घरी आल्यावर गुरुदासने सगळं ऐकलं आणि सरळ सांगितलं, “आता गप रव. तक्रार केलंस तर ते तुजीच सही तुज्या तोंडार मारतले. लोकांपुढे खोटी ठरशीत.”

नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सत्यवती दोन दिवस बाजारात गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती जावेच्या दारात जाऊन बसली. आनंदी तांदूळ निवडत होती.

“आनंदी, माका तुका एक सांगूचा आसा.” आणि तिने सांगितलं. कागदात काय होतं, आपण कशावर सही केली, सगळं. काही राखून ठेवलं नाही.

आनंदीचे हात थांबले. ती सुपाकडे बघत म्हणाली, “म्हणजे तुका ठावक नव्हता.”

“ठावक नव्हता. पण विचारूक व्हया होता. पयल्या कागदाक विचारलंय, त्याना कायतरी सांगल्यान आनी मी गप रवलंय. मगे सगळ्यांवर न वाचता सही केलंय. आनी तुका धाप लागली तेव्हा मीच सांगलंय, कळवूक नाय म्हणजे चांगला.”

आनंदी बराच वेळ तांदूळच निवडत राहिली. मग म्हणाली, “माका राग इलो हा. खोटा कित्याक सांगू?” सूप बाजूला ठेवून ती उठली आणि आत गेली. दाराशी वळून म्हणाली, “पण तू जा. त्येंका सोडू नको.”

त्या रविवारी सत्यवतीने मंडळाच्या बायकांना शाळेत बोलावलं आणि तेच सगळं सर्वांपुढे सांगितलं. काही बायका खवळल्या. एक म्हातारी म्हणाली, तुझ्या तोंडाकडे बघून आम्ही हात पुढे केला. सत्यवतीने मान खाली घातली नाही आणि सारवासारवही केली नाही. शेवटी तिने अक्षदाने लिहिलेला अर्ज वाचून दाखवला. एकदा, मग परत एकदा, आणि ज्या म्हणाल्या समजलं नाही त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. चौसष्ट बायकांनी त्यावर सह्या-अंगठे केले. बाराजणींनी केले नाहीत. सत्यवतीने त्यांना आग्रह केला नाही.

अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला. पोच आली. मग काही नाही. सत्यवतीने दर पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड धाडायला सुरुवात केली; प्रत्येकावर एकच मजकूर, अर्जाची तारीख आणि ‘काय झालं ते कळवावे.’ चौथ्या कार्डानंतर पत्र आलं. सुनावणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात.

लांबलचक टेबल होतं. मध्यभागी अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या भुवयांचे. बाजूला डॉक्टर, प्राध्यापक, एक वकील. टोकाला इंगवले लिहून घ्यायला. गुजर मॅडम समोर फाइल घेऊन बसल्या होत्या. त्या बाजारातल्या कुठल्याही थकलेल्या बाईसारख्या दिसत होत्या, हे सत्यवतीच्या लक्षात आलं आणि ते तिला आवडलं नाही. रागवायला सोपं जावं असं तिला वाटत होतं.

मॅडम म्हणाल्या, “रिपोर्ट द्यायला उशीर झाला हे मला मान्य आहे. पण संमती नीट घेतली नव्हती हा आरोप चुकीचा आहे. प्रत्येक संमती-अर्ज वाचून दाखवलेला आहे. साक्षीदाराने तसं प्रमाणित केलंय. आणि साक्षीदार,” त्यांनी एक गठ्ठा पुढे सरकवला, “या स्वतः तक्रारदारच आहेत.”

खोलीत कुजबुज झाली. अध्यक्षांनी दोन-चार कागद उलटून पाहिले. मग त्यांनी सत्यवतीकडे पाहिलं.

“बाई, या सह्या तुमच्या?”

“माझ्याच.”

“यात लिहिलंय की तुमच्यासमोर वाचून दाखवलं.”

“लिहिलंय. पण ते खरं नाही. एकीलाही वाचून दाखवलं नाही. मी न वाचता शहात्तर सह्या केल्या.” तिचा आवाज बाजारात असतो तेवढाच मोठा होता. “माझ्या जावेच्या कागदावरसुद्धा. चूक माझीही आहे. ती लिहून घ्या. पण माझी चूक लिहिलीत म्हणून यांची पुसू नका.”

इंगवलेंनी लिहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढला आणि गुजर मॅडमना विचारलं, “कमिटीने या प्रकल्पाला मंजुरी दिली ती मराठी संमती-अर्जावर. मग गावात इंग्रजी अर्ज कसा गेला?”

“मराठी छापून आले नव्हते, सर. जीप मिळाली होती, मुलींच्या परीक्षा जवळ होत्या. थांबलो असतो तर ते वर्ष गेलं असतं.”

“आणि आनंदी चोपडेकर यांचा आकडा?”

मॅडमनी फाइल उघडली. “सहा पूर्णांक एक.”

“तो कधी हातात आला?”

“तेवीस जानेवारीला.” त्या थांबल्या. “सातच्या खाली चार बायका होत्या. प्रितेशने यादी केली, आरोग्य केंद्राला पाठवायचं पाकीट तयार केलं. ते पाठवलं गेलं असं मी धरून चालले. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना ते मला मिळालं. त्यावर पत्ता लिहिलेला आहे. तिकीट लावलेलं नाही.”

 मॅडम सत्यवतीकडे वळल्या. “मी विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “विचारलं नाही.”

सत्यवतीला हे वाक्य ओळखीचं वाटलं. चार महिन्यांपूर्वी तिने स्वतः तेच म्हटलं होतं, तांदळाच्या सुपासमोर बसून.

“तुमचं म्हणणं काय आहे बाई? काय व्हावं?” अध्यक्षांनी विचारलं.

“बाकीच्या तिघींना आजच कळवा. फोन नंबर मी आणलेत, शेजाऱ्यांचे. आणि रिपोर्ट पोस्टाने नको. यांनी स्वतः देवबागला यावं, प्रत्येकीच्या हातात द्यावा आणि समजेल असं सांगावं. उरलेलं रक्त आहे, ते ठेवायचं की टाकायचं हेही प्रत्येकीला विचारावं. परत विचारावं, नीट.”

फोन त्याच दुपारी झाले. कमिटीने अभ्यास थांबवला, गुजर मॅडमना एक वर्ष नवा प्रकल्प घ्यायला मनाई केली आणि ज्या संमती-अर्जांवर खोटी साक्ष होती त्यांचे आकडे वापरायला बंदी केली. म्हणजे सगळ्यांचेच. तीन वर्षांचं काम गेलं.

मार्चमध्ये गुजर मॅडम आल्या. त्यांना येणं भाग होतं, पण त्या एकट्या, एसटीने आल्या, हे गावाने बघितलं. शाळेच्या त्याच पडवीत त्या सकाळी नऊपासून बसल्या. एकेकीला बोलावून आकडा सांगायचा, त्याचा अर्थ सांगायचा. त्यांचं बोलणं म्हाताऱ्यांना उमगेना, तेव्हा अक्षदा मालवणीत सांगू लागली. गोळ्या कोणत्या, कुठे मिळतात, चहा जेवणावर का पिऊ नये. मग रक्ताचा प्रश्न. एक्केचाळीस जणी म्हणाल्या ठेवा, पस्तीस म्हणाल्या टाका.

आनंदी दुपारी आली. कागद घेतला, घडी केली आणि म्हणाली, “ह्यो कागद माका गेल्या वर्षी व्हयो होतो.” मॅडमनी मान हलवली. “रक्त टाकून द्या माजा,” आनंदी म्हणाली आणि निघून गेली.

सत्यवतीने स्वतःचं रक्त ठेवा म्हणून सांगितलं. यावरून दोघी जावांत आठवडाभर अबोला होता. आनंदीचं म्हणणं, ज्यांनी फसवलं त्यांना थेंबसुद्धा देऊ नये. सत्यवतीचं म्हणणं, पाच पूर्णांक चार घेऊन वाळूत पडणाऱ्या बायका कुठे कुठे आहेत ते कुणीतरी शोधायलाच हवं. दोघींनी आपापलं म्हणणं सोडलं नाही. अबोला कंटाळून संपला.

दोन हजार सातमध्ये विद्यापीठाचं एक पत्र आलं. कमिटीवर डॉक्टर-वकिलांव्यतिरिक्त एक सामान्य नागरिक सदस्य लागतो, तो आजवर शहरातलाच कुणीतरी निवृत्त मुख्याध्यापक असे. आता त्यांना सत्यवती हवी होती. तिने पत्र कपाटावर टाकलं.

“जाणस नाय?” आनंदीने विचारलं.

“खोटी सही केलेली बाय मी. माका थय कोण बसवता?”

“खोटी सही कशी घेतत, ता त्या टेबलार दुसऱ्या कोणाक ठावक आसा?” आनंदी म्हणाली. “जा गप.”

पहिल्या बैठकीत सत्यवती एक अक्षर बोलली नाही. चहाबरोबर आलेलं बिस्कीटही खाल्लं नाही. दुसऱ्या बैठकीत एका तरुण डॉक्टरचा प्रकल्प होता, सांधेदुखीच्या नव्या औषधाचा. अर्जात लिहिलं होतं, संमतीला पाच मिनिटं लागतील. सत्यवतीने हात वर केला.

“तो कागद मला वाचून दाखवा. मी रोगी आहे असं समजा.”

तरुण डॉक्टर हसला. मग कुणीच हसत नाही असं बघून वाचू लागला. अर्ध्या लोकांना खरं औषध आणि अर्ध्यांना नुसती साखरेची गोळी मिळणार, या वाक्यापाशी सत्यवतीने त्याला थांबवलं. “म्हणजे मला कुठली मिळणार?” “ते आधी सांगता येत नाही.” “मग दुखणं वाढलं तर?” कागदात त्याचं उत्तर नव्हतं. वाचन संपायला सव्वीस मिनिटं लागली. प्रकल्प परत गेला, आणि तीन महिन्यांनी आला तेव्हा त्यात उत्तर होतं.

तेव्हापासून बैठकीत कागद मोठ्याने वाचायची रीतच पडली. काही प्राध्यापकांना ते जाच वाटे. एकाने व्हरांड्यात, तिला ऐकू जाईल असं, म्हटलं की आता मासे विकणाऱ्यांना विचारून विज्ञान करायचं. सत्यवती थांबली आणि म्हणाली, “मासे विकणाऱ्यांचं रक्त हवं असेल तर विचारावंच लागेल, सर.”

चुकलीही ती. शाळेतल्या मुलांच्या जंतांचा एक साधा, चांगला अभ्यास होता. पालकांच्या सह्यांवरून तिने तो दोन महिने अडवून धरला. नंतर कळलं की तिला हवं होतं ते सगळं तिसऱ्या पानावर होतं, तिनेच घाईत वगळलं होतं. तेवढ्यात शाळेला सुट्टी लागली आणि मुलांच्या गोळ्या जूनवर गेल्या. पुढच्या बैठकीत तिने उठून तेही सांगितलं. इंगवले निवृत्त झाल्या होत्या. नव्या माणसाला कळेना की हे लिहायचं की नाही. “लिहा,” ती म्हणाली.

दोन हजार दहाच्या फेब्रुवारीत कमिटीपुढे एक प्रकल्प आला: यांत्रिक होड्यांवर काम करणाऱ्यांच्या कानांवर इंजिनच्या आवाजाचा काय परिणाम होतो. गावं वेंगुर्ले, मालवण, देवबाग. अध्यक्षांना वाटलं, आज सत्यवतीच जास्त बोलणार. तिने विषयाचं नाव ऐकलं आणि पिशवी उचलली.

“कुठे निघालात?”

“माझा नवरा देवबागच्या होडीवर आहे. त्याचा कान तपासून घ्यावा असं मला वर्षभर वाटतंय. मी इथे बसले तर हो म्हणेन. म्हणून बाहेर बसते.”

ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. दार लोटलेलं होतं, आतलं नीट ऐकू येत नव्हतं. खाली आवारात कुणी विद्यार्थी आंब्याच्या मोहराखाली फोटो काढत होते. पाऊण तासाने तिला आत बोलावलं. मंजुरी झाली होती, दोन अटी घालून. कुठल्या, ते तिने विचारलं नाही. कार्यवृत्तात येणारच होतं.

एप्रिलमध्ये कान तपासणारी माणसं देवबागला आली. गुरुदासने आधी नकार दिला, मग कागद दोनदा वाचून घेतला आणि सही केली. डावा कान बराच उतरला होता. त्याला इंजिनजवळ कानात घालायला बोळे मिळाले. तो ते होडीवर घालतो आणि घरी आल्यावर काढायला विसरतो.

“मुद्दाम विसरतास,” सत्यवती म्हणते.

“काय?” गुरुदास विचारतो.